खोगीर निर्दोष आहे

खोगिराखाली हात घालायचा हिलारिओनला धीर होत नव्हता. तरी त्याने घातला, कारण बत्तीस वर्षं तो गिऱ्हाइकांना हेच बजावत आला होता: उतरलात की आधी जनावराची पाठ बघा, मग स्वतःचं पोट. घोडीची पाठ घामाने भिजून काळी झाली होती आणि उजव्या खांद्यामागे तोर्तियाएवढा, छोट्या भाकरीएवढा, एक गोल चट्टा मात्र कोरडा ठणठणीत होता. खोगिरं करणाऱ्या जिनगराला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. खोगीर जिथे दाबून बसतं तिथे घाम फुटत नाही. आज कोरडं, उद्या गरम, परवा सूज.

आणि परवाच तर ओढा होता.

या ओढ्याचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात. सान्ता कितेरिया या संतिणीच्या नावाचं गाव आहे, तिच्या जत्रेला डोंगरातल्या गावागावांतून माणसं घोड्यांवरून येतात. कोणी एक दिवसाची वाट, कोणी तीन दिवसांची. पण गावात शिरण्याआधी सगळ्यांना ओढ्यावर उतरावं लागतं. तिथे दगडावर तोमासाआजी बसलेली असते. चाळीस वर्षं खेचरांचे तांडे हाकलेली बाई, आता डोळे गेलेत, पण तळहात असे की गव्हाच्या पोत्यातला खडा बाहेरून सांगेल. सगळी खोगिरं उतरवायची आणि आजी एकेका जनावराच्या पाठीवरून हात फिरवणार. पाठ थंड आणि साफ असेल तर चढा आणि मिरवत जा. गरम, सुजलेली किंवा सोललेली लागली, तर आजी एकच वाक्य बोलते, ज्याची चूक त्याच्या पाठीवर. मग जनावर मोकळं चालतं आणि खोगीर माणसाच्या पाठीवर चढतं. पोटाचा पट्टा, म्हणजे तंग, लोंबकळतेय, पाय ठेवायच्या रिकिबी ढुंगणावर आपटताहेत, अशा थाटात तो भला माणूस चौकातून देवळापर्यंत चालत जातो. बँडवाले त्याच्यासाठी एक खास गत वाजवतात आणि सगळं गाव गाढवासारखं ओरडून त्याला साथ देतं. मागच्या साली खुद्द महापौर असे गेले होते. पुढच्या निवडणुकीत पडले.

आता हिलारिओन ओरोस्को हा त्या अख्ख्या डोंगरपट्ट्यातला जिनगर. लाकडाचा सांगाडा स्वतः तासणार, वर कातडं स्वतः चढवणार, आणि मागच्या बाजूला आपला शिक्का मारणार: एक छोटासा बेडूक. बेडूक का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं, सासऱ्याचा शिक्का होता. बत्तीस वर्षांत बेडकाचं एकही खोगीर माणसाच्या पाठीवर चढून गावात गेलं नव्हतं. दुकानात बसून तो हे इतक्यांदा सांगायचा की बायको कंटाळून परसात निघून जायची. बेडकाचं खोगीर, आणि तेही खुद्द जिनगराच्या पाठीवर, म्हणजे दुकानाला कुलूपच की हो. लोक नुसते हसले असते तर एक वेळ चाललं असतं. पण हसून झाल्यावर ते पलीकडच्या खोऱ्यातल्या त्या यंत्रावर खोगिरं करणाऱ्याकडे गेले असते.

म्हणून त्याने चटकन घोंगडी पाठीवर टाकली. पण तेयोने बघायचं ते बघितलं होतं.

तेयो खाटीक. हिलारिओनचा लंगोटीयार, पोटाने मोठा, जिभेने त्याहून मोठा. त्याच्या पोटात मांस राहतं, गोष्ट राहत नाही. पाच मिनिटांत बाकीच्या दोघांना कळलं. एक फिदेन्सिओ, औषधांच्या दुकानात तीस वर्षं काढलेला, म्हणून स्वतःला अर्धा डॉक्टर आणि जनावरांच्या बाबतीत पूर्ण डॉक्टर समजणारा. दुसरी दोमितिला, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीणबाई. ती खेचरावर बसायची, कारण तिच्या मते घोडे मूर्ख असतात आणि मूर्खांना तिने चाळीस वर्षं पुरेसं सांभाळलं होतं.

फिदेन्सिओने चट्टा बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. मग म्हणाला की साधी गोष्ट आहे, खोगीर घट्ट होतंय, खाली आणखी एक घोंगडी घाला. हिलारिओनने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी जागच्या जागी वितळला असता. बूट आवळतोय म्हणून मोजे वाढवायचे, असली ही अक्कल. पण बत्तीस वर्षं मुरलेला जिनगर आणि त्याच्याच घोडीची पाठ दाबली गेलेली, अशा माणसाला तोंड कुठे असतं. त्याने घोंगडी घातली. आता खोगीर इतकं उंच झालं की घोडीने, सेबोयाने, पहिल्याच वळणावर अंग झाडल्याबरोबर ते स्वारासकट हळूच, अगदी सभ्यपणे, पोटाखाली सरकलं. हिलारिओन निवडुंगात उतरला. दोमितिलाने भुवयांच्या चिमट्याने त्याचे काटे काढले आणि प्रत्येक काट्याला मोठ्याने आकडा म्हटला. त्रेपन्न झाले.

सेबोया म्हणजे कांदा, आणि त्या घोडीला हे नाव उगाच पडलं नव्हतं. आधीच्या दोन मालकांना तिने रडवलं होतं. तेयो म्हणाला की तंग ढिली आहे, मी आवळतो. तो आवळायला लागला तशी तिने पोट फुगवलं, त्याला वाटलं आवळली, तो वळला, तिने पोट सोडलं आणि जाता जाता त्याची टोपी चावली. टोपीचा तुकडा परत मिळाला नाही. मग फिदेन्सिओने निवडुंगाचं पान सोलून चट्ट्यावर बांधलं. थंडाव्याला हे खरंच चांगलं असतं, पण दोमितिलाचं खेचर मागून आलं आणि त्याने ते पान शांतपणे खाऊन टाकलं. एवढं सगळं झाल्यावर पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना दोमितिलाने विचारलं की तुम्ही तिघे नुसते औषध लावत सुटलात, पण दुखणं कोणाचं आहे ते कोणी बघितलं का. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय. घोडीचं की खोगिराचं, आधी ते ठरवा. तिने ठरवण्याची रीतही सांगितली, फळ्यावर गणित मांडावं तशी. तेयोने सेबोयावर बसायचं, खोगीर हिलारिओनचंच. आणि हिलारिओनने तेयोच्या घोड्यावर, तेयोच्या खोगिरात. तेही बेडकाचंच होतं म्हणा.

दुपारपर्यंत तसे गेले. अर्थात रांग तीच. या चौघांची रांग म्हणजे नवस होता. पहिल्या वर्षी जे जसे निघाले तसेच दर वर्षी: डाव्या टोकाला हिलारिओन, मग तेयो, मग फिदेन्सिओ, उजव्या टोकाला दोमितिला. एकदाच मोडली होती, आणि त्या वर्षी वाट चुकून ते भलत्याच संताच्या जत्रेला पोचले आणि चूक कळेपर्यंत तिथे दोन दिवस नाचले. सान्ता कितेरिया तेव्हापासून रांगेच्या बाबतीत कडक आहे, असं तेयोचं म्हणणं, आणि बाकीच्यांनी ते तपासून बघायचं धाडस केलं नाही.

नदीवर खोगिरं उतरवली. सेबोयाची पाठ सारखी भिजलेली. एक ठिपका कोरडा नाही. वर एवढा धिप्पाड खाटीक बसूनसुद्धा. म्हणजे खोगीर ठीक, घोडीही ठीक. हिलारिओनला हायसं वाटलं. मग तेयोच्या घोड्याची घोंगडी उचलली, तर उजव्या खांद्यामागे तोर्तियाएवढा चट्टा. त्याच जागी. कोरडा.

फिदेन्सिओने पुन्हा चष्मा काढून पुसला. दोमितिला मात्र थांबणारी नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाली, आता राहिला कोण ते बोटावर मोजा.

मग जे झालं ते चार साठीच्या माणसांना शोभणारं नव्हतं. फिदेन्सिओने निदान केलं की हिलारिओनची बैठक एका बाजूला जड असणार. पुरावा हवा म्हणून त्याला नदीकाठच्या ओल्या वाळूत बसवला. उठवला. तिघे वाकून त्या ठशाकडे बघत राहिले, पुराणवस्तूवाले बघतात तसे. तेयोने दोरी घेऊन खळग्यांची खोली मोजली. दोन्ही सारखी. फिदेन्सिओ निराश झाला आणि म्हणाला की पुन्हा बस, या वेळी नैसर्गिकपणे. नैसर्गिकपणे म्हणजे कसं, ते हिलारिओनला कळेना, पण तो बसला. तेवढ्यात उजव्या हाताला बसून तेयोने पाद्र्याच्या टर्की पक्ष्याची गोष्ट सुरू केली.

ही गोष्ट तेयोने दोन वर्षांपूर्वी कुठून तरी आणली होती आणि तेव्हापासून तो ती लग्नात, मयतात, दुकानात, सगळीकडे सांगत होता. हिलारिओन दर वेळी हसायचा. शेवट आला की तेयो स्वतःच्या मांडीवर थाप मारायचा, आणि ती दिसली की हसायचं. आताही थाप पडली, हिलारिओन हसला आणि उठला.

वाळूत उजवं खळगं डाव्याच्या दुप्पट खोल झालं होतं.

फिदेन्सिओ आणि तेयो आनंदाने भांडायला लागले, की हे यकृत आहे की कंबर. दोमितिला भांडली नाही. ती नुसती हिलारिओनकडे बघत होती. थोड्या वेळाने तो पाणी भरायला गेला तेव्हा ती त्याच्या उजव्या बाजूने मागून आली आणि साध्या आवाजात म्हणाली की तुझ्या पाठीवर विंचू आहे. हिलारिओन पाणी भरत राहिला. मग ती वळसा घालून डावीकडे आली.

"मागच्या बाकावरची मुलं अशीच वाकतात," ती म्हणाली. "आणि कळलं नाही की दुसरा हसला की हसतात. उजवा कान कधीपासून गेलाय?"

त्याने आधी नाही म्हटलं. मग म्हणाला, थोडा. मग म्हणाला की पूर्ण गेलाय, तीन वर्षं झाली, आणि यंदा डावाही मंद झालाय म्हणून जास्तच वाकावं लागतं. मग घाईघाईने म्हणाला की तेयोला सांगू नकोस, तुला सान्ता कितेरियाची शपथ आहे.

दोमितिलाने आकडा मनात मांडला. तीन वर्षांपूर्वी जत्रेत तेयोने देवळासमोर रॉकेट लावलं होतं. ते वर न जाता आडवं गेलं आणि हिलारिओनच्या उजव्या कानाशी फुटलं. टोपी उडाली, भुवई जळली. तो आठवडाभर भुवई रंगवून हिंडला आणि तेयो अजूनही ती गंमत सांगायचा. भुवई परत आली. कान आला नाही.

हिलारिओनने सांगून टाकलं, की त्याला कळलं तर तो जन्मात माझ्याशी धड बोलणार नाही, नुसता माफी मागत बसेल. तेयो माफी मागतोय, हे मला बघवणार नाही. तो बडबडतो तेच बरं. मला ऐकू येवो न येवो. दोमितिला म्हणाली की मग रांग बदल, त्याला डावीकडे घे. तो म्हणाला की कारण काय सांगू. ती म्हणाली, पायी चल. तो म्हणाला की ओढ्यापर्यंतची वाट खोगिरावर बसूनच कापायची असा नवस आहे, तुला माहीत आहे. तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली की मग एकच राहिलं, उद्या ताठ बस. ऐकू आलं नाही तर नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे, आणि बेडूक वाचेल.

तिसऱ्या दिवशी हिलारिओन आपल्या खोगिरात, सेबोयावर, काठी गिळल्यासारखा ताठ बसला. डोंगर उतरायला लागले. उजवीकडे तेयोचं तोंड हलताना त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. तो मान हलवत राहिला, जमेल तिथे. पण न वाकता न वळता थाप कशी दिसणार. बराच वेळ गेला. मग त्याने हळूच बघितलं तर तेयोचं तोंड बंद होतं. तो समोर बघत चालला होता, आणि त्याचा चेहरा पार पडला होता. पलीकडे फिदेन्सिओ गप्प होता. चौघांच्या प्रवासात बत्तीस वर्षांत असा सन्नाटा कधी झाला नव्हता.

म्हणजे झालं असं की तेयोने त्याला काहीतरी विचारलं होतं, उत्तर आलं नव्हतं. पुन्हा विचारलं होतं. मग त्याने मानलं होतं की हा चिडलाय, बहुतेक ढुंगणाची मोजमापं काढली म्हणून.

ताठ बसून खोगीर वाचत होतं. हिलारिओनच्या मनात हिशेब सरळ होता: अजून दोन तास, मग ओढा, मग मिरवणूक. दोन तास मित्राचं तोंड पडलेलं राहिलं तर जग बुडत नाही. त्याने हे स्वतःला सात वेळा समजावलं. आठव्या वेळी तो उजवीकडे वाकला, चांगला कमरेतून वाकला, आणि म्हणाला, "तेयो, त्या टर्कीचं काय झालं रे पुढे?"

तेयोची कळी खुलली. तिकडून दोमितिलाने हाताने कपाळ झाकलं.

ओढ्यावर गर्दी होती. बँडवाले झाडाखाली टरबूज खात होते. तेयोचा घोडा पास झाला, फिदेन्सिओचा झाला, खेचराने तर आजीचा हात हुंगला आणि शाबासकी घेतली. मग सेबोया. तोमासाआजीचा तळहात मानेपासून निघाला, खांद्यावरून मागे आला आणि उजव्या बाजूला थांबला. तिने दोन बोटांनी दाबलं. सेबोयाने कान मागे टाकले.

"गरम आहे," आजी म्हणाली. "खोगीर कोणाचं?"

कोणीतरी मागून सांगितलं की बेडकाचं, आणि वर बेडूक स्वतःच आहे. हशा पिकला. बँडवाल्यांनी टरबूज खाली ठेवलं. हिलारिओनच्या कानशिलात रक्त चढलं, दोन्ही कानशिलांत, ऐकू येणाऱ्या आणि न येणाऱ्या. बत्तीस वर्षं. त्याला सासरे आठवले आणि दुकानाची पाटी आठवली.

तेयो मधे पडला. म्हणाला की आजी, हे खोगीर काल मी वापरलंय, माझ्या वजनाखाली दाबलं गेलं नाही ते याच्या वजनाखाली काय दाबणार. खोगीर बघ तू. आजीने खोगीर मागितलं. उलटं करून मांडीवर घेतलं आणि खालून दोन्ही बाजू तळहातांनी चाचपल्या, बाळाच्या टाळूवरून हात फिरवावा तितक्या सावकाश. 

"खोगीर निर्दोष आहे," ती म्हणाली. "स्वार वाकडा बसतो. का रे जिनगरा, तुला बसायलाही येत नाही?"

आता बेडूक वाचला होता. एवढ्यावर गप्प बसला असता तर काही बिघडत नव्हतं. हो आजी, वाकडा बसतो, म्हातारा झालो, एवढं म्हटलं असतं की झालं. खोगीर उचलायचं, गाढवासारखं ओरडणं ऐकायचं, तेही एकाच कानाने. पण तेयो त्याच्याकडे बघत होता आणि विचारत होता, खरंच काळजीने विचारत होता, की लेका तू वाकतोस का, कंबर दुखते का तुझी, मला कधी बोलला नाहीस. आणि तो नेमका उजव्या बाजूला उभा होता. ते सगळं ऐकायला हिलारिओन पुन्हा कमरेतून वाकला. सगळ्या गर्दीसमोर. आजीने मघाशीच त्याचं कोपर धरलं होतं, तिला ते कळलं. तेयोलाही कळलं.

"तू बोलतोस ते ऐकायला वाकतो," हिलारिओन म्हणाला. "या कानाने काही येत नाही. तीन वर्षं झाली."

 तेयोचे ओठ हलत होते, आकडा मोजत असल्यासारखे. तीन वर्षं. मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला, आणि त्याचे डोळे भरले. हिलारिओनला हेच बघायचं नव्हतं. त्याने आजीच्या मांडीवरचं खोगीर घ्यायला हात पुढे केला, पण तेयोने ते आधीच उचललं होतं. वीस किलोंचं धूड, चांदीच्या बटणांसकट. त्याने ते पाठीवर टाकलं आणि गुडघ्यात वाकला.

कोणीतरी ओरडलं की हे चालणार नाही, घोडी याची नाही. आजी म्हणाली की नियम साधा आहे, ज्याची चूक त्याच्या पाठीवर, आणि कोणाची ते या दोघांना माहीत दिसतंय. मग बँडवाल्यांना म्हणाली, वाजवा.

असे ते सान्ता कितेरियात शिरले. पुढे फिदेन्सिओ आणि दोमितिला, अगदी कडक तोंड करून. मागे मोकळी सेबोया, तिचा लगाम धरून पायी हिलारिओन, आणि खोगिराखाली तेयो. रिकिबी पोटरीवर आपटत होत्या, तंग पायात येत होती, आणि गाव गाढवासारखं ओरडत होतं. तेयोने सुरुवातीला काहीच ऐकलं नाही. तो माफी मागत होता, रस्त्याला बघून, पावलागणिक एक. चौकापर्यंत हिलारिओनने ते सहन केलं. मग तो थांबला, तेयोच्या पाठीमागून वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आला, म्हणजे तेयो आता त्याच्या डाव्या कानाशी आला, आणि म्हणाला की रांग मोडली, नवस गेला, आता निदान ती टर्कीची गोष्ट तरी नीट सांग. सुरुवातीपासून. मला त्यातलं काहीही माहीत नाही.

"काहीही?" तेयो म्हणाला. "दोन वर्षं हसतोयस की."

"तू मांडीवर थाप मारतोस, तेव्हा हसतो."

तेयोने खोगीर खांद्यावर जरा वर सरकवलं. मग त्याने घसा साफ केला आणि सांगितली. पाद्र्याने नाताळसाठी टर्की आणला. टर्की देवळात घुसला, प्रसादाची वाइन प्यायला आणि कबुलीजबाबाच्या खोलीत पाद्र्याच्या जागी जाऊन बसला. एक म्हातारी आली. तिने जाळीपलीकडे सावली बघितली आणि तासभर मन मोकळं केलं, सून, शेजारीण, गुडघे, सगळं. टर्की अधूनमधून मान हलवायचा. बाहेर आल्यावर म्हातारी रडत पाद्र्याला म्हणाली की बाबा, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं नीट ऐकून घेतलं.

तेयोचे दोन्ही हात खोगिरात अडकले होते. थाप मारायला एकही मोकळा नव्हता. हिलारिओन रस्त्याच्या मधोमध थांबला आणि आपणहून, बरोबर जागी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.